दुर्मिळ आजाराची ‘फाइल लावून देणाऱ्या’ दलालापासून सावध राहा

माझ्या सहा वर्षांच्या मुलीची प्लीहा वाढत बेंबीखाली आली होती आणि प्लेटलेट्स 58 हजारांवर उतरल्या होत्या. मलेरिया, मग रक्ताचा कर्करोग अशा शंका फिटल्यावर बीटा-ग्लुकोसिडेज या विकराच्या (एन्झाइमच्या) रक्तचाचणीने गॉशे या, हेच विकर कमी पडल्याने होणाऱ्या दुर्मिळ आजाराचे निदान झाले. त्यावरचे विकर दर दोन आठवड्यांनी शिरेतून द्यावे लागते आणि त्याचा खर्च कोणत्याही पगारदाराच्या आवाक्याबाहेरचा आहे.

‘रुग्ण समन्वयक’ म्हणवणाऱ्या एका दलालाकडे मुलीचा रिपोर्ट आधीच होता, त्यामुळे तो रुग्णालयाचाच माणूस आहे असे माझ्या जागी कोणालाही वाटले असते. राष्ट्रीय दुर्मिळ आजार धोरण 2021, त्यातली 50 लाखांपर्यंतची मदत, हे सारे तो बिनचूक सांगत होता, आणि ते खरेही आहे. मदतीच्या अर्जाच्या फाइलसाठी 21,500, औषधाच्या आगाऊ नोंदणीसाठी 64,000 आणि सीमाशुल्क म्हणून 38,700, असे 1,24,200 रुपये त्याने उकळले.

सीमाशुल्काची मागणी झाली तिथेच त्याचे पितळ उघडे पडायला हवे होते. या धोरणातील आजारांवरचे औषध रुग्णाने स्वतःसाठी परदेशातून मागवले, तर 1 एप्रिल 2023 पासून मूळ सीमाशुल्क माफ आहे. त्यासाठी जिल्हा शल्यचिकित्सकांसारख्या अधिकाऱ्याचे प्रमाणपत्र लागते. पण रात्र रात्र मुलीच्या उशाशी बसणाऱ्या बापाला हे कोणी सांगितले होते? त्याने पाठवलेला फोटो अजून छळतो: 2 ते 8 अंशांत ठेवायची औषधाची कुपी भर मे महिन्यात उघड्या टेबलावर, शेजारी चहाचा कप.

पोलीस ठाण्यात पहिला प्रश्न आला, “पैसे तुम्हीच पाठवलेत ना?” त्यांनी सायबर शाखेकडे धाडले, तिथे हद्दीचा वाद निघाला, बँकेने व्यवहार ग्राहकाच्या संमतीचा आहे म्हणून हात झटकले, आणि आजारी मूल घरी ठेवून खेटे घालणाऱ्या माणसाला साधी खुर्ची द्यावी असेही कुणाला वाटले नाही. पैसे गेल्याचे कळताच आधी 1930 या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर फोन करा, ठाण्यात नंतर जा. मदतीचा अर्ज सेंटर ऑफ एक्सलन्समार्फतच, म्हणजे या धोरणाखाली सरकारने नेमलेल्या रुग्णालयांमार्फतच जातो. मुंबईत केईएम रुग्णालय असे केंद्र आहे, तिथे थेट जा. मुलांचे रिपोर्ट कुठल्याही ग्रुपवर टाकू नका. कोणाच्या वैयक्तिक बचत खात्यावर औषधाचा एक रुपयाही भरू नका. माझ्या तक्रारीचा अजून गुन्हा नोंदवलेला नाही आणि त्या माणसाचा मोबाइल नंबर चालू आहे.