अपडेटनंतर डिस्क गायब झाली तर सिस्टमरेस्क्यू किती कामाला येतं?

लिनक्स अपडेट केलं, मशीन रीबूट झालं आणि रूट डिव्हाइस (जिच्यावर मूळ सिस्टम बसवलेली आहे ती डिस्क) सापडत नाही म्हणून अडकलं, की पहिला संशय डिस्कवर जातो. पण बहुतेक वेळा डिस्क धडधाकट असते, फक्त नव्या कर्नलला (लिनक्सच्या गाभ्याला) ती दिसत नसते. आधी ग्रबच्या, म्हणजे बूटच्या वेळी सिस्टम निवडायच्या, मेन्यूतून जुना कर्नल निवडून पाहा. तोही चालला नाही, तर सिस्टमरेस्क्यूचा पेनड्राइव्ह लावा. आर्च लिनक्सवर बेतलेला, पेनड्राइव्हवरूनच चालणारा हा लाइव्ह लिनक्स स्वतःच्या कर्नलवर चालतो, त्यामुळे दोष नेमका कुठे आहे ते लगेच कळतं.

टर्मिनलमध्ये 'एलएसबीएलके -एफ' द्या. पार्टिशनं यूयूआयडीसकट (प्रत्येकाच्या कायम ओळख-क्रमांकासकट) दिसली तर घोळ बसवलेल्या सिस्टममध्येच आहे. इथेही नाही आणि बायोसमध्येही नाही, तर केबल, स्लॉट किंवा डिस्क तपासा. बायोसला दिसते पण इथे नाही, असं असेल तर 'डीमेसेज'मध्ये कर्नलचे संदेश वाचा. डिस्कची तब्येत तपासणारं स्मार्टसीटीएल आणि हरवलेली पार्टिशनं शोधणारं टेस्टडिस्क सोबत असतातच, वेगळं काही उतरवावं लागत नाही.

नेहमी आढळणारं एक कारण म्हणजे बूट पार्टिशन काठोकाठ भरलेलं असणं. नवा इनिटरॅमएफएस (बूटच्या सुरुवातीला डिस्कचे ड्रायव्हर पुरवणारी फाइल) अर्धवट लिहिला जातो आणि अपडेटच्या गर्दीत ती एरर नजरेतून सुटते. रूट पार्टिशन माउंट करा, मग बूट आणि ईएफआय त्यांच्या जागी माउंट करा, देव, प्रोक, सिस हे सिस्टमचे फोल्डर बाइंड करा आणि क्रूट घ्या, म्हणजे पुढच्या कमांड बसवलेल्या सिस्टमच्या आत चालतील. बूट माउंट करायचं विसरलात तर नवा इनिटरॅमएफएस रूट पार्टिशनवरच्या रिकाम्या बूट फोल्डरमध्ये पडतो. कमांड यशस्वी दिसते, मशीन मात्र तसंच अडकतं. जुने कर्नल काढून जागा करा, मग डेबियन-उबंटूवर 'अपडेट-इनिटरॅमएफएस -यू -के ऑल' आणि फेडोरावर 'ड्रॅकट --रीजनरेट-ऑल --फोर्स' चालवा.

इंटेलच्या लॅपटॉपवर व्हीएमडी (एनव्हीएमई डिस्क सांभाळणारा इंटेलचा कंट्रोलर) चालू असेल, तर व्हीएमडी मॉड्यूल इनिटरॅमएफएसमध्ये हवंच, नाहीतर एनव्हीएमई डिस्क दिसणार नाही. ते टाळायला बायोसमध्ये व्हीएमडी बंद करून थेट एएचसीआय हा साधा डिस्क मोड निवडू नका. शेजारी विंडोज असेल तर ते बूट व्हायचं बंद होऊ शकतं.

रूट नाही, फक्त डेटाची डिस्क गायब असेल तर एफस्टॅब, म्हणजे कोणती डिस्क कुठे माउंट करायची त्याची यादी असलेली फाइल, उघडा. तिथे एसडीबी१ असं नाव लिहिलेलं असेल तर ते बदलून यूयूआयडी टाका, कारण डिस्क ज्या क्रमाने ओळखल्या जातात त्या क्रमाने ही नावं मिळतात आणि तो क्रम बदलू शकतो. त्याच ओळीत 'नोफेल' हा पर्याय जोडला की ती डिस्क नसली तरी सिस्टम ९० सेकंद थांबून इमर्जन्सी मोडमध्ये जात नाही.

सिस्टमरेस्क्यूची सगळ्यात आवडलेली सोय म्हणजे 'फाइंडरूट'. बूटच्या वेळी हा पर्याय दिला की ते डिस्कवरच्या लिनक्स सिस्टम शोधतं, एलव्हीएम (डिस्कची जागा वाटणारी व्यवस्था) आणि लक्सच्या (लिनक्सच्या डिस्क-एन्क्रिप्शनच्या) आतल्यासुद्धा, आणि निवडलेली सिस्टम सुरू करून देतं. बिघडलेला इनिटरॅमएफएस मध्ये येतच नाही.

उणिवाही आहेत. झेडएफएस ही फाइल सिस्टम आत नाही, त्यामुळे झेडएफएस पूल असेल तर दुसरा लाइव्ह पेनड्राइव्ह घ्या. कर्नल दीर्घकालीन शाखेतला असल्याने अगदी नव्या हार्डवेअरवर तो कमी पडू शकतो. बायोसमधलं सिक्युअर बूटही (फक्त सही असलेल्या सिस्टम सुरू होऊ देणारी सोय) बंद करावं लागतं, आणि लक्सची चावी टीपीएम या सुरक्षा-चिपमध्ये बांधलेली असेल किंवा शेजारच्या विंडोजवर बिटलॉकर हे एन्क्रिप्शन असेल, तर रिकव्हरी की विचारली जाऊ शकते. ती की हाताशी ठेवूनच बायोसमध्ये शिरा.