जुन्या म्हाडा इमारतीची स्ट्रक्चरल रिपेअर: पॅकेज घ्यावं का, आणि घेतलं तर काय तपासावं

कन्नमवार नगर, टागोर नगर, नेहरू नगर, पंतनगर. मुंबईतल्या या म्हाडा वसाहतींतल्या तळमजला अधिक तीन-चार मजल्यांच्या ज्या इमारती अजून पुनर्विकासात गेलेल्या नाहीत, त्यांच्या सोसायट्यांकडे सध्या एक ठरावीक पॅकेज विकायला येतं: ऑडिट, कन्सल्टंट, दुरुस्ती, वॉटरप्रूफिंग आणि रंग, सगळं एकाच हाताखाली. सी-२बी वर्गातल्या इमारतीने, म्हणजे घरं रिकामी न करता मोठी दुरुस्ती करता येते अशा इमारतीने, ते जरूर घ्यावं. फक्त दरपत्रक जसं समोर येतं तसं मान्य करू नये. सी-१ असेल तर हा विषयच नाही. ती इमारत रिकामी करून पाडायची असते. पुनर्विकासात घर मोठं मिळतं हे खरं, पण लिफ्ट, पंप आणि पार्किंगसह महिन्याचा मेंटेनन्सही मोठा येतो. पेन्शनवर चालणाऱ्या घराला जुनी छोटी खोली धड करून घेणंच परवडतं.

ऑडिट हा पॅकेजचा सगळ्यात कच्चा भाग. ३० वर्षांवरील इमारतीला पालिकेच्या कायद्यातील कलम ३५३ब नुसार ते बंधनकारक आहे, म्हणून बरेच अहवाल नियमापुरते बनतात. नुसता रिबाउंड हॅमर, म्हणजे काँक्रीटच्या पृष्ठभागाचा कडकपणा मोजणारं उपकरण, आपटून आकडे भरले असतील तर अहवाल परत करा. हवेतल्या कार्बन डायऑक्साइडने जुन्या काँक्रीटचा वरचा थर कार्बोनेट होऊन कडक होतो, हॅमर त्याच थरावर आपटतो आणि आकडा चांगला दाखवतो. आत सळई गंजतच असते. तीन गोष्टी मागून घ्या. ताज्या फोडलेल्या काँक्रीटवर फिनॉल्फ्थेलिनची फवारणी: गुलाबी झालं ते निरोगी, रंग न धरलेलं ते कार्बोनेट, म्हणजे सळईला गंजापासून न वाचवणारं. हाफ-सेल चाचणी, म्हणजे विजेच्या दाबावरून सळईचा गंज ओळखणं: कॉपर सल्फेट इलेक्ट्रोडवर वाचन उणे ३५० मिलिव्होल्टच्याही खाली गेलं तर गंज चालू असण्याची शक्यता ९० टक्क्यांहून जास्त धरतात. तिसरी अल्ट्रासॉनिक चाचणी. तिथे काँक्रीटमधून जाणाऱ्या ध्वनिलहरींचा वेग सेकंदाला ३ किलोमीटरच्या आत आला तर काँक्रीट संशयास्पद समजायचं. आणि हो, जो ऑडिट करतो त्याच्याच ओळखीचा ठेकेदार नको.

कामाचा क्रम पॅकेजमध्ये बहुतेक वेळा उलटा असतो, कारण परांची बांधली की बाहेरचा गिलावा आणि रंगाचं बिल लवकर निघतं. खरं तर सुरुवात संडास-बाथरूमपासून हवी. न्हाणी ट्रॅपच्या कडा, बिडाचे जुने पाइप आणि गच्चीवरचा फुटलेला कोबा इथूनच पाणी स्लॅबमध्ये उतरतं. गळती न थांबवता खालून सळई दुरुस्त करणं म्हणजे पैसे पाण्यात. गच्चीवर जुन्या कोब्यावरच नवा कोबा टाकायचा सल्ला मिळाला तर थेट नकार द्या. १०० मिलिमीटर थर चौरस मीटरला साधारण २०० किलो वजन वाढवतो, आणि वाढवतो तो आधीच थकलेल्या स्लॅबवर.

आता मुख्य काम. स्लॅब आणि बीमखाली टेकू लावल्याशिवाय छिन्नी चालवू देऊ नका. हातोडीने ठोकून जिथे पोकळ आवाज येतो तिथलं काँक्रीट काढायचं, पण नुसतं सळई दिसेपर्यंत नाही. सळईच्या मागे किमान २० ते २५ मिलिमीटर मोकळं व्हायला हवं. सगळ्यात जास्त चोरी इथेच होते, कारण हे काम हळू आणि धुळीचं असतं. मागचा गंज तसाच राहतो, आणि गंजलेलं लोखंड मूळच्या दोन ते सहा पट जागा घेत असल्यामुळे नवं मॉर्टर ढकलून पाडतं. सळईचा व्यास स्पष्ट घटलेला असेल तर शेजारी नवी सळई घालून पुरेसा लॅप, म्हणजे जुन्या सळईला समांतर जोडलांबी, द्यावा लागतो. नंतर गंजरोधक लेप, मग बाँडिंग कोट, म्हणजे जुनं काँक्रीट आणि नवं मॉर्टर जोडणारा लेप. तो चिकट असेपर्यंतच मॉर्टर लागलं पाहिजे. सुकलेला बाँडिंग कोट जोडण्याऐवजी उलट थर वेगळे करतो, आणि दुपारच्या जेवणाच्या सुट्टीत हमखास हेच होतं. मॉर्टरमध्ये पॉलिमर, सिमेंट आणि क्वार्ट्झ वाळू यांचं वजनी प्रमाण सहसा १:५:१५ ठेवतात आणि एका वेळी १० ते १५ मिलिमीटरचा थर देतात. पॉलिमर ॲक्रिलिक किंवा एसबीआर (कृत्रिम रबर) आहे ना, ते डब्यावर वाचा. पीव्हीए (साध्या पांढऱ्या गोंदाचा प्रकार) असेल तर ओलाव्यात पुन्हा मऊ पडतं.

ठिगळ उत्तम बसलं तरी दोन-तीन वर्षांनी त्याच्या कडेला नवीन तडा दिसू शकतो. नवं मॉर्टर सळईचा तेवढाच तुकडा सुरक्षित करतं आणि गंजाची प्रक्रिया शेजारच्या जुन्या, क्लोराइड असलेल्या भागात जोर धरते. म्हणून काँक्रीटमधल्या क्लोराइडची, म्हणजे सळई गंजवणाऱ्या क्षारांची, चाचणी आधी करावी. प्रमाण जास्त निघालं तर ठिगळांवर पैसे घालण्यात अर्थ नाही.

कॉलम जॅकेटिंगचं, म्हणजे जुन्या खांबाभोवती काँक्रीटचं नवं आवरण ओतण्याचं, गणित स्वतः मांडून बघा. २३० गुणिले ३०० मिलिमीटरच्या, ३ मीटर उंच कॉलमला चारही बाजूंनी ७५ मिलिमीटरचं जॅकेट दिलं तर साधारण ३०६ लिटर मायक्रो-काँक्रीट (पिशवीत तयार मिळणारं, पातळ वाहणारं बारीक काँक्रीट) लागतं. २५ किलोच्या पिशवीतून सुमारे १२ ते १३ लिटर माल होतो, म्हणजे कॉलममागे २४ पिशव्या. कन्सल्टंटच्या परवानगीने पिशवीच्या वजनाच्या निम्मी १० मिलिमीटर खडी मिसळली तर १७-१८. साइटवर रिकाम्या पिशव्या त्याहून बऱ्याच कमी पडल्या असतील तर फरक जाडीत काढलेला आहे. जॅकेट पायापासून सुरू व्हायला हवं. फक्त पहिल्या मजल्यावर घातलेलं जॅकेट भार खाली पोचवत नाही. लहान खोलीत ही जाडी स्वयंपाकघराच्या ओट्यात घुसते, तेव्हा कॉलमचं नवं माप नकाशावर आधी दाखवून घ्या, नाहीतर काम अर्ध्यावर अडतं.

पैशाचा भाग अवघड आहे. गृहनिर्माण सोसायट्यांच्या आदर्श उपविधींत दुरुस्ती निधी बांधकाम खर्चाच्या वर्षाला किमान ०.७५ टक्के आणि सिंकिंग फंड (मोठ्या दुरुस्ती-पुनर्बांधणीसाठी साठवायचा निधी) ०.२५ टक्के आहे. घराचा मूळ बांधकाम खर्च १०,००० रुपये धरला तर दुरुस्ती निधी वर्षाला ७५ रुपये. त्यामुळे सोसायटीकडे काहीच साठलेलं नसतं आणि वर्गणी एकदम येते. करारात एकूण रक्कम न लिहिता बाबनिहाय दर लिहा, आणि मोजमाप कमिटी, कन्सल्टंट, ठेकेदार तिघांच्या सह्यांनी करा. गिलावा उघडल्याशिवाय खरं नुकसान कळत नाही, त्यामुळे बिल अंदाजाच्या वर जाणार हे गृहीत धरा. वाढीव कामाचे दर मात्र आधीच बांधून घ्या. दहा वर्षांची गॅरंटी म्हणून जे सांगतात ती बहुधा वॉटरप्रूफिंगपुरती असते. स्ट्रक्चरल कामाचा दोष-दायित्व काळ, म्हणजे दोष निघाला तर ठेकेदाराने स्वखर्चाने दुरुस्त करण्याची मुदत, वेगळा लिहून घ्या आणि त्याच्या बिलातून राखून ठेवलेली रक्कम किमान एक पावसाळा गेल्यावर, छत पुन्हा ठोकून बघितल्यावरच सोडा.