पुरुषांचा गट, आठ बैठका: माझा अनुभव

बायको म्हणाली, एक तर घरातली हिंसा थांबवायला पुरुषांचा जो गट चालतो त्यात जा, नाहीतर मी मुलीला घेऊन वेगळी राहते. म्हणून नाव नोंदवलं. तिच्यावर कधी हात उचलला नाही, असं मी तेव्हा सगळ्यांना सांगायचो.

दुसऱ्या बैठकीत प्रत्येकाला एक कागद मिळाला. अमेरिकेतल्या डुलुथ शहरात १९८० च्या दशकात, मार सोसलेल्या बायकांशी बोलून तयार झालेलं, पुरुष बायकोवर ताबा कसा ठेवतो ते दाखवणारं चक्र. मारहाण बाहेरच्या कडेवर, आत आठ आरे. धाक, पैशांवर ताबा, एकटं पाडणं, मुलांना मध्ये ओढणं... धाकात वस्तू फोडणंही होतं. मी म्हणालो, रागात भान राहत नाही. गट चालवणाऱ्यांनी शांतपणे विचारलं, "आजवर काय काय फोडलंत?" तिचा चष्मा. तिचा फोन. तिच्या आईने दिलेला आरसा. सांगता सांगता लक्षात आलं, माझा लॅपटॉप तिन्ही वेळा त्याच टेबलावर होता. त्याला ओरखडाही नाही.

पाचवी बैठक सगळ्यात मोलाची. 'पुरुषाची जातच तापट' म्हणणारे आम्ही बरेच होतो. मानववंशशास्त्रज्ञ डेव्हिड लेव्हिन्सन यांनी १९८९ मध्ये ९० समाजांच्या नोंदी ताडून पाहिल्या. बहुतेकांत बायकोला मारणं होतं, पण १६ समाजांत घरातली मारहाण जवळजवळ नव्हतीच. जिथे घरचा पैसा आणि शेवटचा शब्द पुरुषाचा, बाईला घटस्फोट अवघड आणि भांडणं हाणामारीनेच मिटवायची सवय, तिथे ती जास्त. म्हणजे तापटपणा रक्तातून येतो, हे काही खरं नव्हे. नोकरी गेल्यावर मारायला लागलेला एक जण त्या दिवशी पहिल्यांदा तोंड उघडून बोलला. कमवत नाही तो कसला पुरुष, हे तो लहानपणापासून ऐकत आला होता. एवढ्या विषयाला एकच तास दिला, दोन बैठका हव्या होत्या.

नाव जरूर नोंदवा. पण घरात आत्ता मारहाण चालू असेल, तर त्या बाईने गटाच्या भरवशावर थांबू नये. तिची सुरक्षित सोय आधी.

एक गोष्ट फार खटकली. माझ्या बायकोला गटाकडून पहिला फोन सहाव्या आठवड्यात गेला. तोवर माझ्याच तोंडचं ऐकून 'सुधारणा' लिहिली जात होती. तो फोन पहिल्याच आठवड्यात, मी आसपास नसताना जायला हवा. ती त्यांच्याशी काय बोलली, मला माहीत नाही. मी विचारलेलं नाही.