किक अडवण्याचे नियम शेंगदाणे मांडून समजावणारे उपाहारगृह

छत्रपती संभाजीनगरच्या स्टेशन रस्त्यालगतच्या एका छोट्या उपाहारगृहात दर सोमवारी संध्याकाळी सात वाजता अमेरिकन फुटबॉलची क्षणचित्रे पडद्यावर दाखवतात. शिकागोत रविवारी दुपारी बाराला सुरू होणारा सामना नोव्हेंबरात आपल्याकडे रात्री साडेअकराला सुरू होतो आणि नोकरी करणाऱ्याला तो संपेपर्यंत जागणे परवडत नाही, म्हणून मालकांनी ही सोय केली आहे.

वादाची चाल आली की मालक चित्रफीत थांबवतात, टेबलावर एका बाजूला अकरा शेंगदाणे, समोर अकरा फुटाणे मांडतात आणि ज्याला जे म्हणायचे आहे त्याने ते दाणे सरकवून दाखवायचे, असा येथला रिवाज आहे. 17 नोव्हेंबर 2024 च्या शिकागो बेअर्स आणि ग्रीन बे पॅकर्स या संघांच्या सामन्यावर तर तासभर चर्चा रंगली. बेअर्स 19-20 असे मागे होते, 35 सेकंद उरले होते आणि एक टाइमआउटही (घड्याळ थांबवण्याची संधी) शिल्लक होता. तरीही बेअर्सचे तेव्हाचे प्रशिक्षक मॅट एबरफ्लुस यांनी आणखी एक चाल खेळून जवळ जाण्याऐवजी घड्याळ 3 सेकंदांपर्यंत उतरू दिले आणि 46 यार्डांवरून फील्ड गोलचा, म्हणजे किक मारून चेंडू गोलखांबांमधून पाठवत तीन गुण मिळवण्याचा, प्रयत्न केला. पॅकर्सच्या कार्ल ब्रुक्सने ती किक अडवली आणि सामना तिथेच संपला. चेंडू हातातून निसटण्याच्या भीतीने थांबणे मला पटत नाही, कारण प्रत्येक यार्डागणिक किक सोपी होते. पण समोरच्या टेबलावरील एका निवृत्त शिक्षकांनी थांबणेच योग्य ही आपली बाजू शेवटपर्यंत सोडली नाही.

लाँग स्नॅपरला, म्हणजे किकसाठी पायांमधून चेंडू मागे टाकणाऱ्या खेळाडूला, धक्का लागल्याचा बेअर्सचा आक्षेप निघाला, तेव्हा मालकांनी मधला शेंगदाणा उचलून नियम समजावला: स्नॅपच्या, म्हणजे चेंडू मागे टाकण्याच्या, क्षणी रेषेवरचा बचावपटू स्नॅपरच्या खांद्यांच्या बाहेर उभा असला पाहिजे. किक अडवण्यासाठी रांगेवरून झेप घेण्यास 2017 पासून मनाई आहे आणि त्यासाठी सहकाऱ्याला मागून ढकलणे 2013 पासून बंद आहे. 2013 च्याच ऑक्टोबरमध्ये जेट्स संघाची 56 यार्डांची किक जादा वेळेत हुकली होती, पण समोरच्या पेट्रियट्स संघाच्या खेळाडूने सहकाऱ्याला ढकलल्याबद्दल 15 यार्डांचा दंड झाला आणि पुढे 42 यार्डांवरून जेट्सने 30-27 असा विजय मिळवला. हे उदाहरण ऐकल्यावर नियमाचे वजन मला खऱ्या अर्थाने कळले.

धपाटे उत्तम असतात. तव्यावरून थेट ताटात येतात आणि सोबतची शेंगदाण्याची चटणी सढळ हाताने वाढली जाते. सुशीला मात्र वर्दळीच्या वेळी गार मिळते. मोठी उणीव पडद्याची आहे: क्षणचित्रांत किकच्या वेळचे समोरून घेतलेले दृश्य फारसे नसते, त्यामुळे स्नॅपरचा प्रश्न अनेकदा शेंगदाण्यांवरच सोडवावा लागतो. मालकांनी पूर्ण सामन्याची सशुल्क सेवा घ्यावी, त्यासाठी थोडी वर्गणी देण्यास आम्ही नेहमीचे लोक तयार आहोत. भिंतीलगतची दोन टेबले पावणेसातलाच भरतात, तेव्हा लवकर पोहोचावे.