क्रोमियमवाली सल्फर पद्धत, सात महिने वापरून झाल्यावर

परभणीत आमच्या माती तपासणीच्या लॅबमधी येती ती माती काळी, चुनखडीची, सामू आठच्या आसपास. सोयाबीनवाल्यांना मातीतलं गंधक मोजून द्यायचं म्हणजे 0.15 टक्के कॅल्शियम क्लोराईडमधी हलवायचं, गाळायचं, बेरियम क्लोराईड टाकून 420 नॅनोमीटरवर गढूळपणा बघायचा, हात बसलाय त्यावर. मग केरळातल्या कुट्टनाडचे नमुने आले. तीबी माती काळीच, पण आत पायराईट, म्हणजे लोखंड अन् गंधकाचं खनिज, त्याला हवा अन् ओल मिळाली की सल्फ्युरिक ॲसिड होतं अन् सामू चारच्या खाली जातो. अन् आमची गढूळपणाची पद्धत सल्फेट दाखवती, पायराईट तिला दिसतच नाही.

आधी हायड्रोजन पेरॉक्साईड टाकून पायराईटचं सल्फेट करून बघितलं. त्या मातीत कुजलेलं लाकूड इतकं की फेस बीकरच्या बाहेर, वरून सेंद्रिय गंधकबी आकड्यात मिसळतं. म्हणून क्रोमियमवर आलो. माती, क्रोमियम पावडर, इथेनॉल, हायड्रोक्लोरिक ॲसिड, नायट्रोजन चालू ठेवून उकळायचं, पायराईटमधलं गंधक हायड्रोजन सल्फाईड होऊन झिंक ॲसिटेटमधी अडकतं, मग ॲसिड अन् स्टार्च टाकून आयोडीननं टायट्रेशन, म्हणजे थेंबथेंब टाकून किती लागलं ते मोजायचं, निळा रंग टिकला की थांबायचं. सल्फेट नाही, सेंद्रिय गंधक नाही, जे पाहिजे तेवढंच येतं, हे मला लई आवडलं.

त्रास आहेच. दिवसाला मोजकेच नमुने होतात, अन् काचेचा एक सांधा जरी ढिला राहिला तरी आकडा कमी येतो अन् तुम्हाला कळतबी नाही, त्यामुळं दर बॅचला एक नमुना दोनदा लावतोच. फ्यूम हूडशिवाय, म्हणजे गॅस बाहेर ओढणाऱ्या कपाटाशिवाय, तर हात लावू नका, सल्फाईड जास्त झाला की नाकाला वास येणंच बंद होतं, वास गेला म्हणजे गॅस गेला असं नसतंय.

पण खरी चूक आमची झाली ती मशीनच्या आधीच. परभणीच्या मातीच्या सवयीनं पहिली बॅच आम्ही सावलीत पसरून आठ दिवस वाळवली. पायराईट कमी आला, सल्फेट वाढलं, सामूबी घसरला, म्हणजे शेतातली माती आम्ही मोजलीच नव्हती, ट्रेमधी तयार झालेली मोजली. मला लई वाईट वाटलं, कुणीतरी चिखलात उतरून काढलेले नमुने होते ते. परत मागवले. आता पिशवीतली हवा दाबून काढून, बर्फात आणतो, आल्या दिवशीच पंखेवाल्या ओव्हनमधी 80 अंशावर पातळ पसरून वाळवतो, अन् ओव्हन रिकामा नसला तर सरळ डीप फ्रीजरमधी.