भरवणारा रोबो : आठ महिन्यांनंतर

अपघातानंतर माझं मानेखालचं शरीर हलत नाही. चार वर्षं आई भरवत होती. आठ महिन्यांपूर्वी टेबलावर ठेवायचा हा परदेशी रोबो घेतला. कंपनीचं नाव लिहीत नाही, तक्रारीही आहेत म्हणून. किमतीत बरी सेकंडहँड गाडी आली असती.

चार वाट्या, एक यांत्रिक हात, टोकाला चमचा. गालाजवळ दोन बटणं : एकानं वाटी निवडायची, दुसऱ्यानं घास मागवायचा. पहिल्या दिवशी धाकट्या भावानं तो हात धरून माझ्या ओठापर्यंत आणला, ती जागा यंत्रानं लक्षात ठेवली. खुर्ची चार बोटं सरकली की मात्र चमचा हनुवटीवर.

ही कल्पना जुनी आहे. इंग्लंडच्या कील विद्यापीठात माइक टॉपिंग यांनी १९८७ मध्ये सेरेब्रल पाल्सी (मेंदूतल्या दोषामुळे हालचालींवर नीट ताबा न राहणं) असलेल्या अकरा वर्षांच्या मुलासाठी ‘हँडी १’ बनवला. जपानच्या सेकॉम कंपनीचा ‘माय स्पून’ २००२ मध्ये बाजारात आला. पण भाकरीचा विचार कुणीच केलेला दिसत नाही! ती आमटीत कुस्करूनच द्यावी लागते.

पहिल्या रविवारी हौसेनं तांबडा रस्सा ओतला. चमचा भरून निघाला, वाटेत हिंदकळला आणि पांढऱ्या बनियनवर रंकाळा झाला. आता रस्सा स्ट्रॉनं, तोही कोमट करून. कोल्हापूरकराला यापेक्षा मोठी शिक्षा नाही. दहीभात, खिचडी, उप्पीट झकास. मिसळ नीट भिजू दिली तर जमते. वाटीच्या कडेला चिकटलेला शेवटचा घास आईच भरवते.

लाईट गेली तरी बॅटरीवर जेवण पूर्ण होतं. सर्व्हिस मात्र भिकार : बटणाची वायर तुटली तेव्हा तीन आठवडे नुसती फोनाफोनी. आणि माणूस घरात हवाच. बटण दाबल्याशिवाय पुढचा घास येत नाही हे खरं, पण ठसका लागला तर यंत्र धावून येणार नाही.

आई भरवायची तेव्हा आधी भात, मटणाचे तुकडे शेवटी. “पोटाला आधार नको व्हय?” आता हाडं काढलेलं सुकं मटण मी पहिल्या पाच मिनिटांत संपवतो, भाताची वाटी तशीच राहते. आई स्वयंपाकघरातून ओरडते, “त्या मशीनला सांग की जरा भाताकडं बघ म्हणून!”