हमिंगबर्ड जवळून बघायचाय: बाटली, बशी, खिडकी की फुलझाडं?

अमेरिकेत घराला मागे थोडं अंगण असलं आणि हमिंगबर्ड हातभर अंतरावरून बघायचा असला, की दुकानात आधी नजरेत भरतो तो बाटलीचा फीडर, म्हणजे पक्ष्यांना साखरपाणी पाजायचं टांगतं भांडं. पहिला फीडर म्हणून तो घेऊ नका.

उलट्या बाटलीतलं साखरपाणी आतल्या हवेच्या कमी दाबामुळे टिकून असतं. ऊन लागलं की ती हवा फुगते आणि पाणी भोकांतून ठिबकतं. बाटली जितकी रिकामी, तितकी गळती जास्त. मागोमाग मुंग्या आणि गांधीलमाश्या येतातच. शिवाय अरुंद तोंडातून ब्रश नीट फिरत नाही, त्यामुळे आत काळी बुरशी धरते. टेक्सासच्या आखाती किनाऱ्यावर सप्टेंबरमधल्या स्थलांतरात पक्ष्यांची झुंबड उडते, तिथे मात्र मोठी बाटलीच पुरते.

बशीच्या फीडरची भोकं वर झाकणात असतात आणि साखरपाणी त्यांच्याखाली, म्हणून तो गळत नाही. हमिंगबर्डची जीभ खोलवर पोचते, मधमाशीची नाही; पण बशी काठोकाठ भरलीत तर तीही पिते. मधोमध मुंग्या अडवणारी वाटी असेल असाच फीडर घ्या. तिच्यात साधं पाणी घाला. तेल किंवा व्हॅसलीन कुठेही लावू नका, ते पिसांना चिकटतं. कडेच्या कठड्यावर पक्षी बसून पितो, म्हणून तो जास्त वेळ दिसतो. जागच्या जागी तरंगतानाचे फोटो हवे असतील तर कठडा नसलेला फीडर बघा.

अपार्टमेंटमध्ये राहणाऱ्यांनी काचेला चिकटणारा फीडर घ्यावा. इतकं जवळून दुसऱ्या कशानेच दिसत नाही. त्याचे रबरी चोषक (सक्शन कप) धुतलेल्या, कोरड्या आणि किंचित कोमट काचेवरच नीट धरतात. थंडीत रबर कडक झालं की फीडर खाली येतो. टांगता फीडर लावणार असाल तर तो काचेपासून एक मीटरच्या आत ठेवा, म्हणजे उडताना पक्षी काचेवर जोरात आदळत नाही. सर्वांत वाईट अंतर मधलं, चार-पाच मीटरचं.

फुलझाडांना वेळ लागतो, पण धुणं-भरणं नाही. पूर्वेकडे ट्रम्पेट हनीसकल आणि कार्डिनल फ्लॉवर, कॅलिफोर्नियात हमिंगबर्ड सेज. हनीसकल घेताना जपानी जात घेऊ नका, ती पूर्वेकडे बेसुमार पसरते. झाडांवर कीटकनाशक मारू नका. पिल्लांना लागणारी प्रथिनं बारीक किडे आणि कोळ्यांतूनच मिळतात.

फीडर कोणताही असो, प्रमाण एकच: एक भाग पांढरी साखर, चार भाग पाणी. बशीला पाव कप साखर आणि एक कप पाणी पुष्कळ झालं. गूळ आणि ब्राऊन शुगर नको, त्यांतलं लोह या पक्ष्यांना घातक ठरू शकतं. मधाचं पाणी लवकर आंबतं. लाल रंगही नको, फीडरचा लाल भाग पुरेसा असतो. कडक उन्हाळ्यात दर दोन दिवसांनी आणि पाणी गढूळ दिसलं तर लगेच, फीडर गरम पाण्याने घासून पुन्हा भरा. हे जमणार नसेल तर फक्त झाडं लावा. घाणेरड्या फीडरपेक्षा फीडर नसलेला बरा.

न्यू जर्सीत रूबी-थ्रोटेड ही हमिंगबर्डची जात दिसते; तो एप्रिलच्या उत्तरार्धात येतो आणि ऑक्टोबरच्या सुरुवातीपर्यंत निघून जातो. फीडर टांगलेला राहिला म्हणून तो थांबत नाही. कॅलिफोर्नियातल्या बे एरियात ॲनाज हा दुसऱ्या जातीचा हमिंगबर्ड वर्षभर असतो, त्यामुळे तिथे हिवाळ्यातही फीडर भरावा लागतो. पुण्याच्या बाल्कनीत येतो तो शिंजीर, म्हणजे सूर्यपक्षी. हमिंगबर्ड अमेरिका खंडांबाहेर नाहीत.

फीडर लावल्यावर बहुधा एखादा दांडगा नर तो बळकावतो आणि बाकीच्यांना हुसकावतो. अशा वेळी मोठा फीडर आणू नका. दुसरी छोटी बशी घराच्या कोपऱ्यापलीकडे, पहिलीवरून दिसणार नाही अशी लावा.